दर साडेसहा हजार किलोमीटरला परतणारा हादरा: एक प्रकरण अभ्यास

पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल हॅचबॅक. ब्रेकला पुढे हवेच्या पोकळ्या असलेल्या २५६ मिमीच्या डिस्क, मागे ड्रम, टायर १८५/६५ आर १५. तपासणीच्या दिवशी मीटरवर ६२,००० किमी. तक्रार एका वाक्यात नोंदवलेली होती: "स्पीडला आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, डिस्क बेंड आहे."

या वाक्यात दोन चुका होत्या. थरथर एक नव्हती, दोन होत्या. आणि डिस्क वाकलेली नव्हती.

आधी गाडीचा इतिहास. ४८,००० किमीपर्यंत काहीच तक्रार नव्हती. तिथे जुन्या डिस्क चरे पडून पातळ झाल्या म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. ५२,००० ला स्टीलच्या रिम काढून बाजारातल्या अलॉय रिम बसवल्या. ५४,५०० च्या सुमारास ब्रेक मारताना स्टिअरिंग हलायला लागलं, तेव्हा डिस्क उतरवून लेथवर टर्निंग करून घेतल्या आणि हादरा गेला. ६१,००० ला तोच हादरा परत आला. मधल्या काळात 'स्पीडची थरथर' म्हणून व्हील बॅलन्सिंग तीनदा झालं. प्रत्येक वेळी मशीनवर शून्य आलं आणि रस्त्यावर थरथर तशीच राहिली.

या इतिहासातला सगळ्यात बोलका आकडा म्हणजे साडेसहा हजार. ४८,००० ते ५४,५०० आणि ५४,५०० ते ६१,०००. डिस्कच सदोष असती तर नवी टाकल्या दिवसापासून हलली असती. इथे ती दरवेळी गुळगुळीत सुरू होते आणि ठरावीक अंतर चालल्यावर बिघडते. म्हणजे कोणीतरी तिला हळूहळू बिघडवत आहे. शोध त्याचा घ्यायचा.

दुसरी खूण मालकाच्या बोलण्यात सहज आली होती: पंक्चर काढल्यावर एकदा स्पीडची थरथर निम्म्यावर आली, मग पुढच्या वेळी चाक काढून लावल्यावर पुन्हा वाढली. टायर तोच, रिम तीच. फक्त चाक काढून लावल्याने फरक पडत असेल तर दोष चाकात कमी आणि चाक बसण्याच्या जागेत जास्त असतो.

रस्त्यावरची चाचणी

निघण्यापूर्वी हवेचा दाब दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे केला आणि गाडी वीस मिनिटं चालवून टायर गरम केले. बराच काळ उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला तळाशी सपाट डाग पडतो, तो थंड असताना धडधडतो आणि गरम झाल्यावर जातो. त्याच्या मागे लागून अख्खा दिवस वाया गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पहिली फेरी ब्रेकला पाय न लावता. गुळगुळीत मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० पासून ११५ पर्यंत सावकाश वेग वाढवला. ९२ ला स्टिअरिंगमध्ये बारीक कंप सुरू, १०० ते १०५ ला सर्वात जास्त, ११५ ला पुन्हा मंद. १०५ ला अॅक्सिलरेटर सोडून गाडी न्यूट्रल केली. कंप जसाच्या तसा. त्यामुळे इंजिन, माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट यादीतून गेले. आतला जॉइंट झिजला असेल तर गाडी जोर घेताना थरथरते आणि पाय उचलला की शांत होते. कंप सीटमध्ये जवळजवळ नव्हता, हातात होता. मागची चाकं बिघडली की साधारण सीट आणि फरशी हलते, पुढची बिघडली की स्टिअरिंग.

दुसऱ्या फेरीत ब्रेक. इथे सहसा घाई होते: १०० वर जाऊन ब्रेक मारला, हललं, डिस्क खराब. पण या गाडीत १०० ला ब्रेक न मारताही हलत होतं. म्हणून १०० वरून हलका ब्रेक लावून थेट ३० पर्यंत येईतो पेडलवरचा दाब बदलला नाही आणि वेगाच्या काट्यावर लक्ष ठेवलं. थरथर दोनदा आली. एकदा १०० च्या आसपास, ती ८५ ला विरली. मग ५५ ते ५० च्या दरम्यान दुसऱ्यांदा, आणि ही जास्त जोरदार. पेडलही पायाखाली खालीवर होत होतं. मग ८० पासून ब्रेक लावून पाहिलं, म्हणजे पहिली थरथर मध्येच येत नाही. ५० च्या आसपासची तशीच हजर.

या दोन आकड्यांवर थोडं थांबायला हवं. या टायरचा घेर भार पडलेला असताना साधारण १.९ मीटर. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १४.६ वेळा फिरतं. पुढचं सस्पेंशन आणि स्टिअरिंग मिळून बहुतेक लहान गाड्यांत याच पट्ट्यात, सेकंदाला १० ते १५ वेळा, सहज डोलायला लागतात. म्हणून फेऱ्यामागे एकदा धक्का देणारा दोष १०० च्या आसपास ठळक होतो. ताशी ५२ ला चाक सेकंदाला ७.६ वेळाच फिरतं. तिथे तोच डोलारा हलवायचा असेल तर फेऱ्यामागे दोन धक्के लागतात. चाकाला बसणारा धक्का एकदा, ब्रेकला बसणारा दोनदा. गाडीला हात लावण्याआधीच एवढं कळलं होतं की दोष दोन वेगळे आहेत आणि डिस्कवर एक नाही, दोन बिघडलेल्या जागा सापडायला हव्यात.

तिसरी फेरी मागच्या ड्रमसाठी. कोरडा, सरळ, रिकामा रस्ता, ताशी ५०, हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर हलकेच वर. काही हललं नाही, ड्रमवरचा संशय गेला. ही चाचणी तारेवर चालणाऱ्या साध्या हँडब्रेकसाठीच आहे. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकवर किंवा ओल्या रस्त्यावर ती करू नये. शेवटी एकामागून एक आठ वेळा ब्रेक लावून डिस्क तापवल्या. हादरा पहिल्या ब्रेकला जेवढा, तेवढाच आठव्याला. तापल्यावरच येणारा हादरा ही वेगळी जात, तिथे डिस्कवरचे उष्णतेचे डाग किंवा पॅडचा थर तपासावा लागतो. इथे तो नव्हता. एबीएसची थरथरही नव्हती. ती जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा निसरड्यावर येते आणि सोबत पंपाचा खडखडाट असतो.

जॅकवर

चाकाचे नट सोडतानाच कारागिरी कळली. डाव्या पुढच्या चाकाचा एक नट ९० न्यूटन-मीटरच्या आत सुटला, दुसरा १८० लाही हलेना. एअर गनने ढोबळ आवळलेल्या चाकाचं हे नेहमीचं चित्र. सुटण्याचा टॉर्क म्हणजे आवळण्याचा टॉर्क नव्हे, पण चार नटांत इतका फरक असणं पुरेसं बोलकं आहे.

बेअरिंगमध्ये खेळ नाही, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड घट्ट, लोअर आर्मच्या मागच्या बुशला चीर नाही. बुश फाटलेला असता तर हादरा त्याने निर्माण केला नसता, पण वाढवला नक्की असता. कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) दोन्ही स्लाइड पिना बोटाने सरकत होत्या, पॅड आत ७ मिमी आणि बाहेर ६.५, तिरपी झीज नाही. पिन अडकलेली असती तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त खाल्लेला दिसला असता.

मग मोजमाप. कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला बांधला. होजवर लोंबकळत ठेवला की होज आतून फाटतो. डिस्कवर चारही नट, खाली सपाट वॉशर घालून, ४५ न्यूटन-मीटरने आवळले. हे केल्याशिवाय डायल गेज (मिलिमीटरचे शतांश दाखवणारा काटा) लावण्यात अर्थ नाही, कारण मोकळी डिस्क हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या फिरत्या भागावर, हवी तशी कलते. गेजचा चुंबकी पाय नकलवर (हब धरणाऱ्या, न फिरणाऱ्या भागावर), टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत.

डावीकडे रनआउट, म्हणजे फिरताना डिस्कची कड आतबाहेर होते ते अंतर, ०.१४ मिमी. उजवीकडे ०.०६. पुष्कळ गाड्यांत ०.०५ ते ०.१० पर्यंत चालतं म्हणतात, ०.०५ च्या वर सोडलेली डिस्क पुढे त्रास देते असं धरून काम केलेलं बरं.

डाव्या डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी, तिसऱ्या स्टडच्या (नट बसतो त्या हबवरच्या खुंटीच्या) रेषेपासून सुरुवात करून: २१.६०६, २१.६१५, २१.६३०, २१.६२४, २१.६१२, २१.६२१, २१.६३४, २१.६१९ मिमी. जाडीतला फरक ०.०२८. चांगल्या डिस्कमध्ये हा ०.०१० च्या आत असतो आणि ०.०१५ ते ०.०२० च्या पुढे बहुतेकांच्या हाताला कळतो. आणि पातळ जागा किती? पहिली आणि पाचवी. समोरासमोर, दोन. रस्त्यावर ५० च्या वेगाने जे सांगितलं ते मायक्रोमीटरने दाखवलं. उजव्या डिस्कचा फरक ०.००७, म्हणजे ती निर्दोष. व्हर्निअर कॅलिपरने हे मोजायच्या फंदात पडू नये. त्याच्या मोजण्यातली चूकच दोषाएवढी असू शकते.

डिस्क की हब

'डिस्क बेंड' हा शब्द गॅरेजमध्ये इतका रुळलाय की रनआउट दिसलं की निदान संपतं. पण डायल गेज फक्त एवढंच सांगतो की डिस्क तिरकी फिरते आहे. ती स्वतः वाकडी आहे की वाकड्या जागी बसली आहे, हे तो सांगत नाही. ते सांगणारी चाचणी दहा मिनिटांची आहे आणि दोन्ही वेळा ती झाली नव्हती.

सर्वात उंच जागी डिस्कवर खडूची खूण केली. ती तिसऱ्या स्टडसमोर आली. डिस्क काढून १८० अंशात फिरवून पुन्हा तेवढ्याच टॉर्कने बसवली. दोष डिस्कचा असता तर उंच जागा खडूबरोबर पहिल्या स्टडसमोर गेली असती. ती गेली नाही. खडू पलीकडे, उंचवटा तिसऱ्या स्टडसमोरच, ०.१२ मिमी. डिस्क सुटली, हब सापडला.

हबचा दर्शनी भाग गंजाने तपकिरी होता, त्यात आश्चर्य नाही. पण तिसऱ्या स्टडच्या बुडाशी गंजाची एक कडक पापडी चिकटून दाबून सपाट झाली होती. न खरवडता तिच्यावरून गेज फिरवला तर काटा ०.०७ मिमी उडी मारत होता. आता हिशेब. डिस्क हबवर टेकते तो गोल साधारण १३० मिमी व्यासाचा, गेज टेकतो तो २३६ मिमीचा. गुणोत्तर १.८. हबवरचे ०.०७ डिस्कच्या कडेला ०.१३ होतात. मोजलेल्या ०.१४ पैकी जवळजवळ सगळं त्या पापडीचं.

पापडी आली कुठून? कंपनीतून आलेली पहिली डिस्क स्वच्छ हबवर बसली होती, म्हणून ४८,००० किमी काही झालं नाही. तेवढ्या काळात तिच्याभोवती गंजाचं कडं तयार झालं. ती डिस्क हातोडीने ठोकून काढली, कडं तुटलं, एक तुकडा स्टडपाशी राहिला आणि त्याच्यावर नवी डिस्क आवळली. पुढे लेथवरून आलेली सरळ डिस्कही त्याच तुकड्यावर बसली.

पुढचं काम पॅडने केलं, तेही ब्रेक मारताना नव्हे. ब्रेक सोडल्यावर पॅड डिस्कपासून जेमतेम अंतरावर थांबतात. तिरकी डिस्क फिरताना बाहेरचा पॅड तिसऱ्या स्टडसमोर घासला जातो आणि आतला पॅड बरोबर त्याच्या विरुद्ध बाजूला. दोन्ही जागा हळूहळू पातळ होतात. चाक किलोमीटरला ५२६ फेरे घेतं. साडेसहा हजार किलोमीटरला सुमारे ३४ लाख. एवढ्या वेळा घासून अडीच शतांश मिलिमीटरच्या आसपास लोखंड जाणं मुळीच जास्त नाही. पातळ-जाड डिस्क पॅडमध्ये दाबली गेली की पिस्टन मागेपुढे होतो, तेल पेडलला ढकलतं, ब्रेकची पकड फेऱ्यात दोनदा कमीजास्त होते आणि ते स्टिअरिंगपर्यंत येतं. रनआउट स्वतः पायाला फारसं कळत नाही. पिनांवर सरकणारा फ्लोटिंग कॅलिपर त्याच्यासोबत डुलतो. म्हणूनच सुरुवातीचे काही हजार किलोमीटर गाडी निर्दोष वाटते आणि डिस्क बदलणाऱ्यालाही आपलं काम चोख झालं असं वाटत राहतं.

स्पीडची थरथर

हा भाग सोपा होता, पंक्चरच्या गोष्टीने अर्धा सुटलेलाच. गाडीच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा. बाजारातली रिम अनेक गाड्यांना बसावी म्हणून तिचं मधलं भोक ७३.१ मिमीचं. मधली जागा भरायला स्पिगट रिंग लागते. पुढच्या डाव्या चाकाची रिंग गायब होती, उजव्याची तडकलेली. अशा वेळी चाक मध्यावर आणायची सगळी जबाबदारी शंकूच्या आकाराच्या चार नटांवर येते, आणि गाडी खाली टेकवून गनने एक नट आधी पूर्ण आवळला की चाक बाजूला सरकलेलंच राहतं.

टायरच्या मधल्या पट्ट्यावर चाकाचा गोलपणा मोजला. गाडीवर १.१ मिमीचा फरक, बॅलन्सिंग मशीनवर ०.४. मशीन चाकाला भोकात शंकू घालून मध्यावर धरतं, म्हणून तिथे शून्य येतं. गाडी नटांवर धरते, म्हणून रस्त्यावर हलतं. टायरसह १६ किलोचं चाक केवळ ०.४ मिमी सरकलं तर रिमच्या कडेला साधारण ३४ ग्रॅम वजन जास्त लावल्यासारखं होतं, आणि ताशी १०० ला त्याचा झटका साडेपाच किलोच्या आसपास जातो. ५० ला तो चौथाई होतो, कारण झटका वेगाच्या वर्गाने वाढतो. तीन काय, तीस वेळा बॅलन्सिंग केलं असतं तरी हे गेलं नसतं.

दुरुस्ती

हब आधी तारेच्या ब्रशने, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने, स्टडच्या बुडापर्यंत. स्टडभोवतीची जागाच सुटते, म्हणून तिथे स्टडवर बसणारी गोल घासणी वापरली. ग्राइंडर लावला नाही; गंजाबरोबर हबचं लोखंडही खाल्लं जातं आणि मग तो कायमचाच तिरका. डिस्कच्या टोपीची (हबवर बसणाऱ्या मधल्या भागाची) आतली बाजूही तशीच साफ. दर्शनी भागावर ग्रीस मुळीच नाही, फक्त मधल्या उंचवट्यावर पुसट थर. साफ हबचं रनआउट ०.०२ आलं. इथे ०.०५ आलं असतं तर हब-बेअरिंग बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

डिस्क नव्या टाकल्या नाहीत. कडेवर कोरलेली किमान जाडी २० मिमी, शिल्लक २१.६. दोन्ही डिस्क लेथवर दोन्ही बाजूंनी प्रत्येकी ०.१५ मिमी घेतल्या. एकच घेतली तर गाडी ब्रेकला ओढण्याची शक्यता राहते. बसवल्यावर डावीचं रनआउट ०.०५. एक स्टड पुढे सरकवून बसवली तर ०.०३. हबची थोडी आणि डिस्कची थोडी चूक एकमेकींना खातात. चार जागा मोजून सर्वात कमी मिळते ती निवडायची, आणि डिस्क व स्टडवर रंगाची खूण करून ठेवायची. उजवी ०.०३ वर पहिल्याच बैठकीत आली.

जुन्या पॅडचा पृष्ठभाग जुन्या डिस्कशी जुळलेला होता, म्हणून पॅड नवे. लेथची धूळ साबणाच्या गरम पाण्याने धुतली, नुसत्या कापडाने ती चऱ्यांत राहते. पिनांना रबराला चालणारं ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस.

चाकांना चारही ठिकाणी ७३.१ ते ५४.१ च्या नव्या रिंगा. चाक हवेत असतानाच नट हाताने पूर्ण फिरवले, मग एकाआड एक क्रमाने ५० न्यूटन-मीटर, मग गाडी टेकवून त्याच क्रमाने या गाडीच्या पुस्तकातल्या १०५ वर. गन फक्त नट काढायला. बॅलन्सिंग पुन्हा केलं तेव्हा डावीकडे १५ आणि उजवीकडे १० ग्रॅम लागले.

पॅड बसवताना ताशी ६० वरून २० पर्यंत दहा वेळा मध्यम ब्रेक, दोन ब्रेकमध्ये अर्धा मिनिट मोकळं चालवणं. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून पूर्ण थांबायचं नाही. पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो आणि त्याच हादऱ्याची वेगळी आवृत्ती सुरू होते.

पुढच्या तपासण्या

चाचणीत ११५ पर्यंत स्टिअरिंग शांत, १०० वरून ३० पर्यंत ब्रेकलाही काही नाही. पण या गाडीच्या बाबतीत त्याच दिवशीचं 'ठीक' काही सिद्ध करत नव्हतं. ते आधी दोनदा मिळालेलं होतं. १०० किमीवर नटांचा टॉर्क तपासला, एक नट किंचित फिरला. १,००० किमीवर गेज न लावता फक्त रस्त्यावर चाचणी. खरी तारीख साडेसहा हजारांच्या पलीकडे होती, म्हणून ८,००० किमी चालल्यावर चाकं काढून पुन्हा आठ ठिकाणी मोजलं. डाव्या डिस्कचं रनआउट ०.०३५, जाडीतला फरक ०.००६. तिसऱ्या स्टडसमोरची जाडी बाकीच्या सात जागांपेक्षा वेगळी नव्हती.